ओट्यापुढची जागा

हातगाडी करून घेतली तेव्हा सदाशिवला वाटलं, चला, निम्मं काम झालं. कसलं काय! गाडी करणं सोपं; ती उभी करायला हातभर रस्ता मिळवणं या कलकत्त्यात महाकठीण. रस्ते काय थोडे आहेत? पण जिथे माणूस थांबतो तिथे आधीच कोणीतरी चूल मांडून बसलेला, आणि जिथे कोणी बसलेलं नाही तिथे कुत्रंही फिरकत नाही.

सदाशिव मूळचा वाईचा आचारी. मुंबईकडून बदलून आलेल्या सरकारी बाबूंनी भवानीपुरात एक मेस काढली होती, तिच्यासाठी तो इकडे आला आणि मागोमाग त्याची बायको कालिंदी आली. मेस झकास चालली. मग ते खातंच दिल्लीला हललं, बाबू गेले, आणि घरमालकाकडे फाळणीत घरदार गमावलेले नातेवाईक येऊन थडकले. त्यांना छप्पर नको का? मेसच्या खोल्या गेल्या. पाठीमागची एक खोली मालकाने या दोघांना ठेवली, तीही उपकार म्हणून. वाईला परत जावं तर भावाच्या ताटात हात घालायचा, आणि ते सदाशिवला मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. मूलबाळ नव्हतं. पातेली होती, हाताला चव होती. म्हणून गाडी.

दोन चाकं, फळ्यांचं बूड, पुढे दोन दांड्या, मधे लोखंडी शेगडी. पोह्यांचं पातेलं, उसळीचं पातेलं, थालीपिठाचा तवा, पाण्याची कळशी, कोळशाचं पोतं. सगळं चढवलं की गाडी बैलाला ओढायला लावावी अशी व्हायची. सदाशिव दांड्यांत, कालिंदी मागून ढकलायला. ट्रामच्या रुळात चाक अडकलं की दोघांचे डोळे पांढरे व्हायचे, आणि मागून मोटारवाले शिव्या घालायचे त्या वेगळ्याच.

आधी गेले सियालदहला. गाड्यांनी रोज हजारो माणसं येतात, खपेल असं वाटलं. पण स्टेशनाबाहेर बघावं तर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं चटया टाकून पडलेली, पोरांच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. एक बाई कडेवर मूल घेऊन आली आणि काही न बोलता पातेल्याकडे बघत उभी राहिली. सदाशिवने पळसाच्या पानावर पोहे दिले. मग दुसरी आली, मग चौघी आल्या. थोड्या वेळात पातेलं रिकामं झालं.

"अहो, आपण विकायला आलोय की अन्नदान करायला?" कालिंदी परतताना चिडून म्हणाली.

"तू नसतंस दिलं?"

ती गाडी ढकलत राहिली.

मग कोणी म्हणालं, बजबजला जूटच्या गिरण्या आहेत, मजूर भुकेले असतात. गाडी तिथवर कोण ओढणार? सदाशिव एकटाच लोकलमधून पातेलं घेऊन गेला. गिरणीच्या फाटकापाशी जागा कोणाला द्यायची ते तिथला मजूर भरणारा सरदार ठरवी, आणि त्याचा मेहुणाच पुऱ्या तळत होता. पातेलं जसं गेलं तसं परत आलं.

शेवटी एस्प्लनेड. मोठमोठ्या कचेऱ्या, दुपारी बाबूलोक खाली उतरणार. पहिल्या दिवशी वाटाण्याची घुगनी विकणाऱ्याने गाडीच्या चाकाला लाथ मारून सांगितलं, हा खांब माझा. दुसऱ्या दिवशी शिपायाने पातेल्याच्या झाकणावर काठी आपटली. तिसरीकडे जरा बूड टेकलं आणि थालीपिठाचा वास सुटला, तर समोर नेमक्या प्रेमलताबाई! मेसवर जेवणाऱ्या एका साहेबाची ही बायको; त्याचं खातं वेगळं, म्हणून ती दोघं इथेच राहिली होती. सणासुदीला पुरणपोळी करायला कालिंदीला घरी बोलवायची.

"अगंबाई, कालिंदीबाई! इथे रस्त्यावर?" प्रेमलताबाईंनी नाकाला रुमाल लावला नाही एवढंच. "आपल्या लोकांनी असं... बरं नाही हो दिसत. इकडचे लोक काय म्हणतील?"

"खाऊन बघा ना, बाई. गरम आहे," कालिंदी म्हणाली.

"नको गं, मी रस्त्यावरचं खात नाही." आणि पर्स बगलेत धरून त्या निघून गेल्या. अगं सटवे, याच हातचं बोटं चाटून खाल्लंस की! पण हे कालिंदी मनातच म्हणाली.

त्याच दुपारी परतीच्या वाटेवर सदाशिवने दांड्या सोडल्या आणि तो फुटपाथवर खाली बसला. घामाने डबडबलेला, हात छातीवर, तोंड राखेसारखं. सरकून दुकानाच्या पायरीला टेकला, तर दुकानदाराने तिथूनही उठवलं. कालिंदीने पदराने वारा घातला, कळशीतलं पाणी डोक्यावर थापलं. तास-दीड तासाने कळ ओसरली.

भवानीपुरातल्या वयस्कर डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "हृदय दुबळं झालंय. उभं राहा, रांधा, विका, हरकत नाही. गाडी मात्र ओढायची नाही. ओढलीत तर मी जबाबदार नाही."

आता सांगा! न ओढता गाडी जाणार कशी? माणूस ठेवावा तर या दोघांनी खायचं काय? कालिंदीने दोन दिवस दांड्या धरून पाहिल्या. तिच्या काटकुळ्या अंगाने गाडी तोलेचना, उतारावर तीच गाडीखाली यायची बाकी राहिली. एकच उपाय होता. गाडी जिथे विकायची तिथेच रात्री ठेवता येईल अशी जागा हवी. एकदा नेऊन लावायची, पुन्हा हलवायची नाही. असा ओटा, असा आडोसा मिळाला तर सदाशिव वाचणार होता. कालिंदीने मग देवाकडे दुसरं काही मागितलंच नाही. रोज उन्हातान्हात गल्ल्या पालथ्या घालायची, दारं ठोठावायची, मोडक्या हिंदीत विचारायची. कोणी हसे, कोणी दार लावून घेई.

आणि मिळाली हो! कालीघाटला, ट्रामच्या डेपोपासून चार पावलांवर, भट्टाचार्यांचं जुनं घर. पुढे दगडी ओटा, बाजूला गाडी जाईल एवढा बोळ. कालिंदी तिथे पाणी मागायला गेली होती. घरच्या म्हाताऱ्या मालकीणबाई दारात बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, केस बारीक कापलेल्या. सगळी गल्ली त्यांना गिन्नीमा म्हणायची. कालिंदी ओंजळीने पाणी प्याली, भांड्याला तोंड लावलं नाही, ते त्यांनी पाहिलं.

"कुठली तू? जात कोण?"

कालिंदीने सांगितलं. नवरा ब्राह्मण आचारी, छाती दुखते, गाडी आहे, जागा नाही. सांगता सांगता तिला रडू आलं. म्हाताऱ्या बाईने ऐकून घेतलं.

"बोळात ठेव गाडी. पण माझ्या ओट्यापुढे कांदा, लसूण, अंडं नाही चालायचं. मी विधवा, माझी सूनही विधवा. वास येता कामा नये."

कांद्याशिवाय पोहे! सदाशिवने कपाळाला हात लावला, पण हसतच. बटाटे, मटार, आल्याचा कीस, वरून नारळ. ट्रामचे कंडक्टर ड्यूटी बदलताना येऊ लागले. पोहे "मराठी चिडे" म्हणून मागून खायचे, थालीपिठाला "मोटा रुटी" म्हणायचे. सदाशिव ओट्यावर बसून थापायचा, कालिंदी वाढायची. त्याच्या गालावर रंग आला. रात्री गाडी बोळात साखळीने बांधायची आणि दोघं रमतगमत चालत भवानीपूरला जायची. "काय गं, सुटलो की आपण," तो एकदा म्हणाला आणि वाटेत तिला शेवंतीची वेणी घेतली. किती दिवसांनी!

बोळाकडे घराची न्हाणी होती. तिथे दिवसभर खपायची ती गिन्नीमांची धाकटी सून, पारुल; त्या तिला बऊमा, म्हणजे सूनबाई, म्हणत. वय असेल सतरा-अठरा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा विषमज्वराने गेला. माहेर बरिसालकडचं, फाळणीत आईबाप कुठे पांगले, कोणाला पत्ता नाही. पोरगी काडीसारखी, केस कापलेले, अंगावर बिनकाठाचं पांढरं. पण डोळे मात्र हसरे. कालिंदीला काकीमा म्हणायची आणि भांडी घासता घासता अर्ध्या बंगालीत, अर्ध्या हिंदीत सतरा प्रश्न विचारायची. तुमच्यात विधवा काय खातात? तुमच्याकडे नदी आहे? बर्फ पडतो?

गिन्नीमांचा थोरला मुलगा दिगंबरबाबू कोर्टात नोकरीला. त्याला ही डोळ्यांपुढे नको होती. "दिगंबर म्हणतो, हिला काशीला विधवांच्या मठात ठेवू," गिन्नीमा एकदा ओट्यावर बसून म्हणाल्या होत्या. "मीच ठेवून घेतलीय. वागायला चोख आहे तोवर राहील. काशीला पोरींचं काय होतं ते मला विचार."

मग आली एकादशी, ज्येष्ठातली, अंगाची लाही करणारी. डांबर चपलेला चिकटत होतं. कालिंदी एकादशी पाळायची. तिच्या आईने पाळली, सासूने पाळली. एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने खोलीवरूनच करून आणली, जिरं, मिरची, दाण्याचं कूट, सैंधव घालून. शेजारपाजारच्या बंगाली विधवा एकादशीला फळं खाताना तिने पाहिल्या होत्या, साबुदाणाही वाण्याकडे मिळत होता. मग बिचाऱ्या पारुलला कोण करून घालणार उपासाचं? असा सरळ विचार तिच्या मनात आला. वाईट काय होतं त्यात? तिने पितळेच्या ताटलीत खिचडी काढली, वर खोबरं भुरभुरलं आणि बोळाच्या दाराने आत गेली.

पारुल नळाखालून बादल्या भरून पिंपात ओतत होती. सकाळपासून तिचं तेच चाललं होतं. ओठ फुटलेले, त्यांवर पांढरी साय आलेली. बादली उचलताना पाय लटपटत होते.

"ये गं, उपासाचं आणलंय तुला."

पारुलने ताटलीकडे पाहिलं आणि मागे सरली. "काकीमा, आज नाही. आमच्या घरी आज काहीच नाही. पाणीसुद्धा नाही."

"पाणीसुद्धा? या उन्हात?"

"काल रात्रीपासून. उद्या सकाळी सोडायचं. शास्त्र आहे."

कालिंदी हबकली. अरे देवा, हे काय भलतंच! आपण अन्न घेऊन आलो, हिच्या समोर धरलं! ती पदराने ताटली झाकून वळली.

"ठेवा," पारुल मागून म्हणाली.

"अगं, पण..."

"ठेवा ना, काकीमा."

आधी ती पाणी प्याली. बादलीत दोन्ही हात घालून, वासरासारखी, श्वास न घेता. मग ओल्या हातांनीच खिचडी खाऊ लागली. चावत नव्हती, गिळत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दाण्याचं कूट हनुवटीला चिकटलं होतं. कालिंदीने थांबवायला हवं होतं. तिच्याने थांबववलं नाही. पोटची पोर असती तर याच वयाची असती, असं तिला वाटलं आणि तिने खाली पडलेले दाणेसुद्धा उचलून ताटलीत घातले.

"बऊमा!"

दारात गिन्नीमा उभ्या होत्या. एक हात चौकटीला, मागे दिगंबरबाबू.

ताटली खाली पडून फरशीवर गरगरत राहिली. पारुलने तोंडातला घास ना गिळला ना थुंकला. दिगंबरबाबू ओरडायला लागला, की सांगितलं होतं तुला, ही घर बुडवणार, आजच्या आज पाठवतो. गिन्नीमांनी त्याला हाताने गप्प केलं. त्यांचेही ओठ सुकून तडकले होते, त्यांनीही काल रात्रीपासून पाणी घेतलं नव्हतं. हिच्याहून लहान होत्या तेव्हापासून त्या हे पाळत होत्या. रागापेक्षा त्यांच्या तोंडावर काही वेगळंच होतं. म्हाताऱ्या बाईचा हेवाच होता म्हणा ना.

त्या कालिंदीकडे वळल्या, हळूच बोलल्या.

"मराठी बऊ, तू परदेशी. तुमच्या चालीरीती वेगळ्या. तुला ठाऊक नसणार, तुझा दोष नाही. तुझी गाडी जिथे आहे तिथेच राहील. मला एवढंच खरं सांग. हिने तुला सांगितलं होतं का, की आज चालत नाही? आणि सांगूनसुद्धा हिने मागून घेतलं का?"

खरं बोलायचं तर "हो" एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. बोळाच्या तोंडाशी सदाशिव झारा हातात धरून उभा होता, सगळं ऐकत. कालिंदीने त्याच्याकडे पाहिलं. किती बरा दिसत होता तो अलीकडे! मग तिने पारुलकडे पाहिलं. पोरगी भिंतीला टेकून उभी होती आणि काशीला जायच्या गाडीत आताच बसल्यासारखी दिसत होती.

"तिने सांगितलं होतं, आई," कालिंदी म्हणाली. "ती नकोच म्हणत होती. मीच ऐकलं नाही. मी धरून तिच्या तोंडात कोंबलं. तिचा काही दोष नाही."

पारुलने मान खाली घातली.

"कळून सवरून?" गिन्नीमांनी विचारलं.

"कळून सवरून."

म्हाताऱ्या बाईने डोळे मिटले. "मी तुला पाणी दिलं, जागा दिली. जा. आत्ताच्या आत्ता गाडी काढ. पुन्हा या गल्लीत पाऊल ठेवू नकोस."

सदाशिवने शेगडीत पाणी ओतून विस्तव विझवला, साखळी सोडली. थालीपिठासाठी थांबलेले दोन कंडक्टर "काय झालं, काय झालं" करत राहिले. आणि तो दांड्यांत शिरला. कालिंदी मागून ढकलताना त्याच्या सदऱ्यावर घामाचा डाग पसरत जाताना बघत होती. हे मी केलं, मीच केलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

खोलीवर आल्यावर त्याने भिंतीला पाठ टेकली. श्वास लागला होता. तिने तेल लावून छाती चोळायला घेतली.

"तिने मागून खाल्लं, हो ना?" तो म्हणाला.

तिने मान हलवली.

"मला ठाऊकच होतं. तू कोणाच्या तोंडात काही कोंबायचीस?" तो तिच्याकडे वळला. "माझं काय होईल, ते नाही आलं मनात?"

"तेच आलं. आधी तेच आलं, शपथ!" तिला हुंदका आवरेना. "पण तुमच्यासाठी मी आहे हो. तिला कोण आहे? ती घरात राहील, एवढं तरी..."

"राहील," तो म्हणाला. "म्हातारी ठेवील तिला. चल, रडू नकोस. मी काय मरतोय होय?" आणि तिचा तेलकट हात त्याने आपल्या हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गाडी जोडली. जाणार कुठे, ठरलं नव्हतं. ट्रामच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले. पूर्वी जे अंतर तो एका दमात कापायचा त्याला आता तीनदा थांबावं लागलं. एका बंद दुकानाच्या सावलीला सदाशिव दांडीवरच टेकला, तोंडाचा आ करून. कालिंदी त्याला पाणी देत होती.

मागून हातरिक्षा आली. तिच्यात दिगंबरबाबू, पायाशी वळकटी आणि पत्र्याची पेटी, आणि शेजारी अंग चोरून बसलेली पांढऱ्या लुगड्यातली पोरगी. रिक्षावाला घंटी वाजवत हावडा स्टेशनाच्या दिशेने पळत होता. पदर वाऱ्याने मागे गेला होता, कापलेले केस उघडे पडले होते. पोरीने गाडीकडे पाहिलं, कालिंदीकडे पाहिलं. तिने हात वर केला, अर्धाच, आणि दिगंबरबाबू काहीतरी म्हणाला तसा खाली घेतला. रिक्षा ट्रामच्या मागे दिसेनाशी झाली.

कालिंदीच्या हातातलं भांडं तिरपं होऊन पाणी रस्त्यावर सांडलं.

सदाशिव तिकडेच बघत होता. मग त्याने तोंड फिरवलं.

"ती नव्हे," तो म्हणाला.

कालिंदी रिक्षा गेली तिकडेच बघत होती.

"अगं, ती नव्हे म्हणतो ना. दुसरीच कोणी. पारुल चांगली अंगाने भरलेली आहे. आणि दिगंबरबाबू यावेळी कोर्टात असतो. तू नीट पाहिलं नाहीस." त्याला धाप लागली होती, तरी तो बोलतच राहिला. "मी पाहिलं ना. मला दिसतं लांबचं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा नवरा जन्मात कधी तिच्याशी खोटं बोलला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "दुसरीच असेल."

तो उठला, कमरेचा पंचा आवळला आणि वाकून दांड्या उचलल्या. ती गाडीच्या मागे गेली. फळीला कपाळ टेकवून ती ढसाढसा रडत होती आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून ढकलत होती, की पुढे त्याला ओझं लागू नये.

"ऊन चढायच्या आत कुठेतरी उभं राहू," सदाशिव पुढून म्हणाला.